बेडकाचं नाव-गाव

परदेशी पाळीव प्राण्यांच्या बाजारात ‘आफ्रिकन बुलफ्रॉग’ किंवा ‘पिक्सी फ्रॉग’ या नावानं एक गोलमटोल, रुंद तोंडाचा बेडूक विकला जातो. घरी येतो तेव्हा तो दोन-तीन इंचांचा असतो आणि नीट सांभाळला तर वीस वर्षांहूनही अधिक जगू शकतो. आपल्याकडचा बेडूक नेमका कोणत्या जातीचा, हा प्रश्न त्याच्या मालकाला कधी ना कधी पडतोच, कारण या बाजारू नावाखाली किमान दोन जाती येतात. एक पिक्सिसेफॅलस ॲडस्पर्सस. दक्षिण आफ्रिकेच्या पठारी गवताळ प्रदेशातल्या या जातीचं वर्णन योहान याकोब फॉन चुडी या स्विस निसर्गशास्त्रज्ञानं 1838 मध्ये केलं. दुसरी पिक्सिसेफॅलस एडुलिस. ती मोझांबिक आणि आसपासच्या सखल प्रदेशातली असून विल्हेल्म पीटर्स या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानं तिला 1854 मध्ये नाव दिलं. वंश एकच असला तरी पहिल्या जातीचा नर वीस सेंटिमीटरच्या पुढे जातो आणि किलोभरापेक्षा जास्त भरतो, तर दुसरी जात साधारण बारा-तेरा सेंटिमीटरांवर थांबते. दोन्ही पूर्ण वाढलेल्या आणि शेजारी ठेवलेल्या असतील, तर फरक सांगायला तज्ज्ञ लागत नाही. विक्रीला येतात ती मात्र पिल्लं, आणि तीही एकेकटी. अशा एकट्या पिल्लाची जात अंगावरच्या खुणांवरून पक्की होते, हा समज बरोबर नाही. जात ठरवताना सर्वांत वजनदार पुरावा असतो तो बेडकाचं मूळ ठिकाण. पाळीव व्यापारात नेमकी तीच माहिती आधी गळते आणि मग उरलेल्या खुणांवर त्यांना पेलणार नाही एवढा भार टाकला जातो.

हे पटवून घेण्यासाठी आधी उलट बाजूचं उदाहरण पाहू, म्हणजे जिथे ठिकाण माहीत आहे ते. तेलगाव हे बीड जिल्ह्याच्या धारूर तालुक्यातलं गाव. एकीकडे बालाघाटाचे मुरमाड, उथळ मातीचे डोंगर. दुसरीकडे सिंदफणा नदीवरचं माजलगाव धरण, जे जायकवाडी प्रकल्पाचा दुसरा टप्पा म्हणून बांधलं गेलं. जवळच सुंदरनगरचा सहकारी साखर कारखाना आणि त्याला ऊस पुरवणारं शिवार. पाऊस बेताचा आणि लहरी, चार महिन्यांत काय पडेल ते. मृगाच्या सरींनंतर या परिसरात मोठा बेडूक हाती लागला, तर त्याचं नाव शोधायला जगातल्या साडेसात हजार जाती चाळाव्या लागत नाहीत. ‘तेलगाव’ हा एक शब्द ऐकला की त्यातल्या जवळपास सगळ्या बाद होतात. मोठ्या किंवा जाडजूड अंगाच्या बेडकांपैकी विचार करावा असे इनमीन तीन गट उरतात. पहिला आपला नेहमीचा मोठा बेडूक, हॉप्लोबॅट्राकस टायगेरिनस. वर्षानुवर्षे महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत विच्छेदनाला हाच असायचा आणि तेव्हाच्या पुस्तकांत त्याला ‘राणा टिग्रिना’ म्हणत. दुसरा त्याचाच बुटका, बैठ्या अंगाचा भाऊबंद, हॉप्लोबॅट्राकस क्रॅसस. तिसरा जमिनीत पुरून राहणाऱ्या लहान, गोल बेडकांचा स्फिरोथेका हा वंश. पाटचारीच्या आणि उसाच्या बारमाही ओलाव्यात पहिल्याची शक्यता जास्त. डोंगरउताराच्या भुसभुशीत मातीत तिसऱ्याची.

शरीराच्या खुणा कामाला येतात त्या आता. पर्याय तीनच उरल्यावर बेडूक उताणा करून मागचे पाय पाहिले तरी बरंच काही कळतं. टायगेरिनसच्या बोटांमधला पडदा जवळपास टोकापर्यंत जातो, पाय लांब असतात आणि टाचेजवळच्या आतल्या बाजूचा उंचवटा लहान आणि बोथट असतो; हा पाण्याचा आणि लांब उडीचा प्राणी. क्रॅससचा पडदाही मोठाच, पण तो उंचवटा फावड्यासारखा धारदार आणि मोठा, म्हणजे माती उकरायची सोय. स्फिरोथेकाचं फावडं मोठं, पाय आखूड आणि पडदा तोकडा. पाठीवर लांबलचक उभ्या वळ्या असतील आणि विणीच्या दिवसांत नर पिवळाधमक होऊन गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवत असेल, तर टायगेरिनसबद्दल शंका उरत नाही. या सगळ्या खुणा चोख आहेत. पण त्या चोख ठरतात त्या तीनच पर्यायांत निवड करायची असते म्हणून. फावडंच घ्या. तेलगावात ते क्रॅसस आणि स्फिरोथेकाकडे बोट दाखवतं. ठिकाण पुसून टाकलं की तेच फावडं आफ्रिकेतल्या पिक्सिसेफॅलसकडे, टोमॉप्टर्नाकडे आणि इतर खंडांतल्या पुरून राहणाऱ्या डझनावारी बेडकांकडेही बोट दाखवू लागतं.

ही भीती केवळ तर्कातली नाही, कारण जगातले नामवंत अभ्यासक या फावड्यानं दीडशे वर्षं फसले. थॉमस जर्डन या लष्करी डॉक्टर-निसर्गशास्त्रज्ञानं 1853 मध्ये दक्षिण भारतातल्या एका पुरून राहणाऱ्या बेडकाचं वर्णन केलं आणि त्याला थेट पिक्सिसेफॅलस या आफ्रिकन वंशात बसवलं. आज तो स्फिरोथेका वंशात आहे. त्यानंतरही भारतातले असे बेडूक दीर्घकाळ टोमॉप्टर्ना या दुसऱ्या आफ्रिकन वंशात गणले गेले. अंग गोल, पाय आखूड, टाचेला फावडं, पावसापुरतं वर यायचं आणि एरवी जमिनीखाली राहायचं. सगळं इतकं जुळत होतं की नातं मानण्यात कुणाला वावगं वाटलं नाही. 2000 च्या सुमारास जनुकांची तुलना होऊ लागली तेव्हा चित्र पालटलं. भारतातले स्फिरोथेका हे आपल्या भातखाचरांतल्या आणि डबक्यांतल्या साध्या बेडकांचे जवळचे नातेवाईक निघाले. आफ्रिकन टोमॉप्टर्ना आणि पिक्सिसेफॅलस यांचं कुळच वेगळं होतं. लांबलेला उन्हाळा आणि तुटपुंजा पाऊस जिथे जिथे आहे, तिथे तिथे निरनिराळ्या घराण्यांतून सारख्याच शरीराचे बेडूक घडले आहेत. शरीर हवामानाला उत्तर देतं. वंशावळ सांगेलच असं नाही.

उलट दिशेचा पुरावाही तितकाच बोलका आहे. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेकडे मोठ्या पट्ट्यात हॉप्लोबॅट्राकस ऑक्सिपिटॅलिस नावाचा एक मोठा बेडूक राहतो. इंग्रजीत त्यालाही आफ्रिकन बुलफ्रॉग म्हणतात. मात्र तो टाकीतल्या पिक्सी फ्रॉगचा सख्खा नव्हे, तर तेलगावच्या पाटचारीतल्या बेडकाचा भाऊबंद आहे. या वंशाचं मूळ आशियात असून तिथूनच त्याचे पूर्वज आफ्रिकेत पोहोचले, असा निष्कर्ष 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून निघाला. म्हणजे ‘आफ्रिकन बुलफ्रॉग’ एवढीच चिठ्ठी हाती असेल तर आतला प्राणी दोन कुळांपैकी कोणत्याही कुळाचा असू शकतो. एवढा गोंधळ मात्र घरबसल्या सुटतो, कारण वंशाच्या पातळीवर शरीर पुरेसं बोलतं. पिक्सिसेफॅलसच्या खालच्या जबड्यात पुढे दातांसारखे ठळक हाडाचे सुळे असतात, डोकं अंगाच्या मानानं अवाढव्य, मागचे पाय आखूड आणि बोटांमधला पडदा अपुरा. हॉप्लोबॅट्राकसच्या जबड्यात तिथे फार तर लहान उंचवटे असतात, तोंड निमुळतं आणि पाय उडीचे. तेव्हा ‘हा पिक्सिसेफॅलस आहे का?’ या प्रश्नाला पाळीव बेडकाचा मालकही खात्रीनं उत्तर देऊ शकतो. अडचण येते ती पुढच्या पायरीवर.

ॲडस्पर्सस आणि एडुलिस वेगळे ओळखायला सांगितल्या जाणाऱ्या खुणा अशा: ॲडस्पर्ससच्या पाठीवर त्वचेच्या उभ्या वळ्या लांब आणि ठसठशीत, एडुलिसच्या आखूड आणि तुटक. एडुलिसच्या कर्णपटलावर बहुधा फिकट ठिपका दिसतो. डोळा आणि कर्णपटल यांतलं अंतर ॲडस्पर्ससमध्ये तुलनेनं जास्त. ॲडस्पर्ससच्या पिल्लाच्या पाठीवर बहुधा मधोमध फिकट रेघ असते, आणि प्रौढ नर ऑलिव्ह-हिरवा असून त्याचा गळा पिवळा ते नारिंगी असतो. सगळ्या खुणा खऱ्या आहेत. दोष त्यांच्यात नसून त्या कधी लागू पडतात त्यात आहे. पाठीवरच्या वळ्या वयानुसार आणि अंगावरच्या चरबीनुसार बदलतात, आणि टाकीतला बेडूक रानातल्यापेक्षा हमखास लठ्ठ असतो. रंगावर उजेड, तापमान, ओलावा आणि प्राण्यावरचा ताण या सगळ्यांचा परिणाम होतो. डोळा ते कर्णपटल हे अंतर मिलिमीटरांचं. वळवळत्या पिल्लावर ते मोजताना हात जेवढा चुकतो, तेवढाच कधीकधी दोन जातींतला फरक असतो. गळ्याचा रंग प्रौढ नराचा, म्हणून मादीच्या किंवा पिल्लाच्या बाबतीत तो निरुपयोगी. आकार ही सर्वांत ढळढळीत खूण, पण ती हाती यायला काही वर्षं जावी लागतात. त्यातही आकार लहान राहिला म्हणून एडुलिस म्हणता येत नाही, कारण तो ॲडस्पर्ससची मादी असेल किंवा नुसताच कुपोषित ॲडस्पर्सस असेल. आकार मोठा झाला तर पुरावा आहे. लहान राहिला तर नाही.

जिवंत बेडकाची खरी जातखूण त्याच्या आवाजात असते. मादीनं आपल्या जातीचा नर निवडायचा तो आवाजावरूनच, त्यामुळे जवळच्या जातींचे आवाज वेगळे राहण्याचा कल असतो. ॲडस्पर्ससचा नर सुमारे सेकंदभर चालणारा, खोल, घुमणारा हुंकार देतो. एडुलिसचा आवाज तुटक, कुत्र्याच्या भुंकण्यासारखा. वागणुकीचाही असाच उपयोग होतो. ॲडस्पर्ससचा नर उथळ डबक्यात बेडूकमाशांची राखण करतो आणि डबकं आटू लागलं तर मागच्या पायांनी चर खणून त्यांना खोल पाण्यात नेतो. 1989 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी याची नोंद केली. पण हुंकार काय किंवा राखण काय, दोन्ही पावसानं भरलेल्या डबक्यात, इतर नरांच्या गर्दीत आणि माद्यांच्या हजेरीत घडणाऱ्या गोष्टी. टाकीतला एकटा बेडूक चिडला की ओरडतो, ती विणीची हाक नव्हे. म्हणजे बंदिस्त बेडकापासून त्याचं ठिकाण तुटतं, तसे ठिकाणाबरोबर येणारे आवाज आणि वागणूक हे पुरावेही तुटतात.

यावर पहिला आक्षेप अनुभवी माणसांचा असेल. शेकडो बेडूक हाताळलेल्या माणसाला एका नजरेत कळतं, त्याला मिलिमीटर मोजावे लागत नाहीत. अनुभवाला कमी लेखायचं कारण नाही, पण तो कशाचा आहे ते पाहिलं पाहिजे. पैदास करणाऱ्याला स्वतःच्या टाकीतल्या आईबापांची पिल्लं कळतात, कारण त्यांचं मूळ त्याला ठाऊक असतं. आयात करणाऱ्याला कोणत्या देशाची खेप आहे हे ठाऊक असतं. त्यांची नजर चुकत नाही यामागे बहुतेकदा ही माहितीच काम करत असते. माहिती नसलेल्या पिल्लावर तीच नजर किती टिकते, याची परीक्षा क्वचितच होते, कारण चुकलेली ओळख उघड व्हायला वर्षं जातात आणि तोवर बेडूक दुसऱ्याच्या घरी असतो. जर्डनची नजरही कच्ची नव्हती, हे लक्षात ठेवलेलं बरं.

दुसरा आक्षेप अधिक भक्कम आहे: वाद कशाला घालायचा, डीएनए तपासा. पायाच्या बोटाचं टोक किंवा तोंडातून घेतलेला स्वॅब पुरतो, मायटोकॉन्ड्रियातल्या एका जनुकाचा क्रम मिळतो आणि तो जागतिक संग्रहातल्या क्रमांशी ताडून पाहता येतो. पद्धत उत्तम आहे आणि दोन जातींतला प्रश्न ती बहुतेक वेळा सोडवेलही. तरी दोन मर्यादा राहतात. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतात. बंदिस्त पैदाशीत दोन जातींचा संकर झाला असेल तर चाचणी आईची जात सांगून मोकळी होईल. दुसरी मर्यादा मूळ मुद्द्याकडेच घेऊन येते. संग्रहातल्या क्रमावरचं नाव शेवटी कुणीतरी, कुठल्या तरी ठिकाणाहून आणलेल्या नमुन्यावर ठेवलेलं असतं. ते ठिकाण संदिग्ध असेल तर नावही संदिग्ध. एडुलिस हे नाव तर मोझांबिकपासून पार पश्चिम आफ्रिकेपर्यंतच्या बेडकांना लावलं गेलं आहे, आणि एवढ्या विस्तारात जात एकच आहे का, याबद्दल संशोधकांनाच शंका आहे.

महाराष्ट्रातच याचा ताजा दाखला आहे. इथल्या पुरून राहणाऱ्या बेडकांना वर्षानुवर्षे स्फिरोथेका ब्रेव्हिसेप्स हे जुनं नाव लावलं जात होतं. आनंद पाध्ये, नीलेश डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीराची मापं आणि जनुकं एकत्र तपासून 2017 मध्ये पश्चिम भारतातल्या या बेडकांचं वेगळेपण दाखवलं आणि स्फिरोथेका पश्चिमा ही नवी जात मांडली. पुढे नेपाळमधून 1998 मध्ये वर्णिलेल्या मास्केयी या जातीशी तुलना झाली, तेव्हा दोन्ही एकच असून जुनं नाव ग्राह्य धरावं, असं मत पुढे आलं. म्हणजे त्याच शिवारातल्या त्याच बेडकाचं नाव काही वर्षांत दोनदा पालटलं. यावरून विज्ञानाचा भरवसा नाही असं कुणी म्हणेल, पण हाच दाखला उलट बाजूनं बोलतो. प्रत्येक नमुना कोणत्या गावाजवळ, कोणत्या तारखेला मिळाला याची नोंद होती, म्हणून नाव सुधारता आलं. नावं बदलली तरी ठिकाणाच्या नोंदी बदलल्या नाहीत आणि पुढचं संशोधन त्यांच्यावरच उभं राहिलं. ठिकाण नसलेला नमुना अशा फेरविचारात कुणाच्याच उपयोगी पडत नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: दोघांनाही तेच किडे, तेच गांडूळ, तीच ओल लागते, मग जात कळून काय मिळणार? रोजच्या सांभाळापुरतं हे बरंचसं खरं आहे. पण जागेचा हिशेब वेगळा निघतो, कारण किलोभराच्या प्राण्याला लागणारी टाकी त्याच्या निम्म्या आकाराच्या प्राण्याला लागत नाही. कायद्याचा प्रश्नही आहे. आपला टायगेरिनस 1985 पासून साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. तंगड्यांच्या परदेशी व्यापारासाठी त्याची बेसुमार धरपकड होत होती आणि भारतानं 1987 मध्ये ती निर्यात बंद केली. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनं साइट्सच्या यादीतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांवर नोंदणीची जबाबदारी टाकली. पिक्सिसेफॅलस त्या यादीत नाही. तेव्हा टाकीतला ‘आफ्रिकन बुलफ्रॉग’ प्रत्यक्षात भारतीय निघाला, तर मालकाची कायदेशीर स्थितीच बदलते. इथे किमान वंशापर्यंतची ओळख पक्की असणं ही चैन नाही.

त्याहून मोठा धोका बाहेर सोडण्याचा. पाळून कंटाळलेला माणूस पावसाळ्यात बेडूक ओढ्यात सोडतो तेव्हा त्याला ते पुण्यकर्म वाटतं. भारताच्या मुख्य भूमीवरचा टायगेरिनस अंदमान बेटांवर पोहोचला आणि तिथल्या लहान बेडकांना भारी पडू लागला. त्याचे बेडूकमासेही मांसाहारी, ते इतर बेडकांचे बेडूकमासे खातात. देश एकच असूनही ठिकाण बदलल्यामुळे तो उपद्रवी ठरला. रोगाचं गणित आणखी वाईट आहे. जगभर बेडकांच्या अनेक जाती संपवणाऱ्या कायट्रिड बुरशीला 1999 मध्ये शास्त्रीय नाव मिळालं, ते वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका बंदिस्त बेडकाच्या नमुन्यावरून. माजलगाव धरणाच्या पाण्यात किंवा उसाच्या पाटचारीत परका बेडूक सोडणं म्हणजे त्याच्या त्वचेवर जे काही असेल तेही सोडणं. जात कोणतीही ठरली तरी या बाबतीत उत्तर एकच: सोडायचा नाही.

मग मालकानं लिहायचं काय? टाकीवरच्या चिठ्ठीत पुरावा जिथवर नेतो तिथवरच जावं. जबड्यातले सुळे, पडदा आणि पायांची ठेवण पाहून ‘पिक्सिसेफॅलस’ हे खात्रीनं लिहिता येतं. खरेदीची पावती असेल, पैदास करणाऱ्यानं आईबापांची माहिती दिली असेल किंवा आयातीचा देश कळत असेल, तर ते तारखेसह लिहावं. पाठीवरच्या वळ्यांपेक्षा त्या ओळीचं मोल जास्त आहे. दर सहा महिन्यांनी लांबी, वजन आणि अंगावर मोजपट्टी ठेवून काढलेलं छायाचित्र जपावं, कारण ॲडस्पर्ससचा नर असेल तर दोन-तीन वर्षांत तो स्वतःच्या आकारानं साक्ष देईल. तोवर जातीच्या जागी ‘अनिश्चित’ लिहिण्यात कमीपणा नाही. संग्रहालयांच्या बरण्यांवर हा शब्द रोज लिहिला जातो आणि तिथे तो अज्ञानाची नाही, तर शिस्तीची खूण मानला जातो. चुकीचं ठाम नाव पुढच्या खरेदीदाराकडे, पुढच्या पिढीतल्या पिल्लांकडे आणि कदाचित एखाद्या जनुक-संग्रहातही वाहत जातं. ‘अनिश्चित’ हा शब्द मात्र तपासाची वाट मोकळी ठेवतो. तेलगावच्या बेडकाला नाव देणं सोपं जातं याचं श्रेय त्याच्या शरीराला जितकं आहे, त्याहून अधिक तो तेलगावला सापडला या नोंदीला आहे. पाळीव बेडकाचं नाव विचारण्याआधी त्याचं गाव विचारलं पाहिजे, आणि गाव सांगता येत नसेल तर नावाबद्दलचा हट्टही तेवढाच आवरता घेतला पाहिजे.